मल्लखांबावरील मनोरे

मल्लखांबावरील मनोरे हा मल्लखांब या भारतीय व्यायामप्रकारातील सामूहिक सादरीकरणाचा प्रकार आहे. लाकडी खांबावर किंवा टांगलेल्या सुती दोरावर अनेक खेळाडू एकाच वेळी चढतात, परस्परांच्या आधाराने ठरावीक आकृती उभी करतात, ती काही क्षण स्थिर ठेवतात आणि ठरलेल्या क्रमाने खाली उतरतात. या प्रकाराला ‘पिरॅमिड’ असेही म्हटले जाते. महाराष्ट्रातील व्यायामशाळा, शाळांची स्नेहसंमेलने, क्रीडामहोत्सव आणि मिरवणुका यांमध्ये मल्लखांबाची जी प्रात्यक्षिके होतात, त्यांचा शेवट बहुधा मनोऱ्याने केला जातो.

वैयक्तिक मल्लखांबात खेळाडूचा संबंध केवळ साधनाशी येतो. मनोऱ्यात सहकाऱ्याचा खांदा, मांडी किंवा मनगट हेही साधनच बनते. त्यामुळे मनोऱ्याचे यश सर्वांत कुशल खेळाडूपेक्षा सर्वांच्या परस्परमेळावर अवलंबून असते. जमिनीपासून वर, दोरावर किंवा झुल्यावर समूहाने केल्या जाणाऱ्या आधुनिक हवाई नृत्याशी या प्रकाराचे जवळचे साम्य आहे.

साधने

मल्लखांबाचे तीन प्रकार प्रचलित आहेत : पुरलेला मल्लखांब, टांगता मल्लखांब आणि दोरीचा मल्लखांब.

पुरलेला मल्लखांब सागवानी किंवा शिसवी लाकडाचा असतो. त्याची जमिनीवरील उंची सुमारे अडीच मीटर असते. खालचा जाड भाग म्हणजे ‘अंग’, त्यावरील निमुळता भाग म्हणजे ‘मान’ आणि टोकावरील गोलाकार भाग म्हणजे ‘बोंड’. घर्षणाने कातडी सोलवटू नये, पण पकडही सुटू नये, यासाठी खांबाला एरंडेल तेल लावतात. रंगमंचावर किंवा मैदानात तात्पुरते प्रात्यक्षिक करायचे असल्यास खांब लोखंडी बैठकीत घट्ट बसवला जातो.

टांगता मल्लखांब आखूड असून तो साखळी व आकड्याने अधांतरी टांगलेला असतो. तो झुलतो आणि स्वतःभोवती फिरतोही. त्यामुळे त्यावर एकापेक्षा अधिक खेळाडूंनी तोल सांभाळणे विशेष कठीण असते.

दोरीच्या मल्लखांबासाठी सुती दोर वापरतात. त्याची लांबी सुमारे साडेपाच मीटर व जाडी सुमारे दोन सेंटिमीटर असते. पूर्वी यासाठी वेत वापरला जात असे. पुढे त्याची जागा दोराने घेतली. पायाचा अंगठा व त्याशेजारचे बोट यांच्या बेचक्यात दोर पकडून खेळाडू वर चढतो. दोराला कोठेही गाठ न मारता, केवळ वेढे व पकडी यांच्या साहाय्याने आसने केली जातात. परंपरेने हा प्रकार विशेषतः मुली व स्त्रियांमध्ये रूढ झाला.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लांच्या स्तंभावरील व्यायामाचा निर्देश आढळतो. मल्लखांबाला आजचे स्वरूप देण्याचे श्रेय दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या आश्रयाला असलेल्या बाळंभटदादा देवधर यांना दिले जाते. १८१८ साली पेशवाई संपल्यानंतर बाजीराव ब्रह्मावर्त (बिठूर) येथे राहावयास गेले आणि मल्लखांबाची परंपरा तेथेही चालू राहिली. देवधरांच्या शिष्यपरंपरेने हा व्यायाम पुढे निरनिराळ्या आखाड्यांत नेला.

या काळात मल्लखांब हा प्रामुख्याने कुस्तीला पूरक व्यायाम होता. खांब म्हणजे प्रतिस्पर्धी मल्ल अशी कल्पना करून त्याच्यावर पकडी, फिरक्या व उड्या यांचा सराव केला जाई. त्यामुळे त्याची मूळ रचना एका व्यक्तीसाठीच होती. उडी, अढी, बगली, दसरंग, वेल, सुईदोरा, फरारे, ताजवा अशी त्यातील प्रकारांची नावे एकाच खेळाडूच्या हालचालींचे वर्णन करतात. वेलीप्रमाणे खांबाला लपेटत वर जाण्याच्या क्रियेला ‘वेल’ म्हणतात, तर हातांच्या किंवा पायांच्या वेढ्यातून सुईत दोरा ओवावा तसे शरीर ओवून घेण्याला ‘सुईदोरा’ म्हणतात.

समूहस्वरूपाचा विकास

विसाव्या शतकात मल्लखांब आखाड्यातून सार्वजनिक व्यायामसंस्थांमध्ये आला. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (१९१४), पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ (१९२४) आणि मुंबईत दादरच्या शिवाजी पार्क परिसरातील श्री समर्थ व्यायाम मंदिर (१९२५) या संस्थांनी त्याचा शिस्तबद्ध प्रसार केला. बडोद्यातून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादनाखाली निघालेल्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’त मल्लखांबाची सविस्तर नोंद करण्यात आली.

व्यायामशाळेत एका साधनावर अनेक मुले शिकत असत आणि संस्थेच्या कार्यक्रमात त्या सर्वांना स्थान द्यावे लागे. एकेकट्याच्या उड्यांपेक्षा एकाच खांबावर उभी राहिलेली दहा-बारा मुले दूरवरच्या प्रेक्षकालाही स्पष्ट दिसतात. सार्वजनिक प्रात्यक्षिकाच्या या गरजांशी मनोऱ्याचा प्रकार चांगला जुळला. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. अशा पथकांच्या दौऱ्यांमुळे मल्लखांबाची ओळख परदेशातही झाली.

पुरलेल्या मल्लखांबावरील रचना

खांबावरील मनोरा खालून वर रचला जातो. तळाचे खेळाडू खांबाच्या बुंध्याशी जमिनीवर उभे राहतात किंवा खांबाच्या खालच्या भागावर पायांची अढी घालून शरीर बाहेरच्या बाजूस झोकतात. मधल्या थरातील खेळाडू त्यांच्या मांड्यांवर किंवा खांद्यांवर पाय रोवतात आणि हातांनी किंवा पायांनी खांब धरतात. सर्वांत वरचा खेळाडू बोंडावर उभा राहतो किंवा तेथे एखादे आसन अथवा तोलाचा प्रकार करतो. तो बहुधा वजनाने हलका आणि वयाने लहान असतो.

या रचनेत समतोलाला सर्वाधिक महत्त्व आहे. समजा, ५० किलो वजनाचा एक खेळाडू खांबाला धरून बाहेर झुकला आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य खांबापासून अर्धा मीटर दूर आहे. अशा वेळी खांबावर एका बाजूस वाकवणारा सुमारे २४५ न्यूटन-मीटरचा परिणाम होतो. तितक्याच वजनाचा दुसरा खेळाडू विरुद्ध बाजूस तितकाच झुकला, तर हे दोन परिणाम एकमेकांना छेदतात. म्हणून मनोऱ्यातील खेळाडूंच्या जोड्या वजन व उंची पाहून लावल्या जातात आणि समोरासमोरचे दोघे एकाच क्षणी शरीर झोकतात. एकाने घाई केली तर दुसऱ्याची पकड बिघडते. तळाच्या खेळाडूला वरचे काहीही दिसत नसल्याने त्याला केवळ खांद्यावरील भार आणि आवाजाचे संकेत यांवरून परिस्थिती ओळखावी लागते.

मनोरा उतरवण्याचा क्रम चढण्याच्या उलट असतो. प्रथम वरचा खेळाडू उतरतो, मग मधला थर सुटतो आणि तळाचे खेळाडू सर्वांत शेवटी जागा सोडतात. तळाच्या खेळाडूंना अशा प्रकारे सर्वांत जास्त वेळ आणि सर्वांत जास्त भार सोसावा लागतो. प्रेक्षकांची दृष्टी मात्र बहुतेक वेळ बोंडावरील खेळाडूवर खिळलेली असते.

दोरीवरील रचना

दोरीच्या मल्लखांबावर हा क्रम सामान्यतः उलटतो. दोरावर आधीच स्थिरावलेल्या खेळाडूला ओलांडून वर जाणे अवघड असल्याने सर्वांत वरची खेळाडू प्रथम चढते. ती आपली पकड पक्की करून आसन घेते आणि त्यानंतर तिच्या खालची खेळाडू चढू लागते. उतरताना खालची खेळाडू आधी उतरते.

या क्रमामागे दोराच्या ताणाचे कारणही आहे. दोर खालच्या टोकाला मोकळा असतो, तेव्हा त्याचा खालील भाग सैल असतो आणि खेळाडूला तो उचलून कमरेभोवती, मांडीभोवती किंवा पायाभोवती वेढे घेता येतात. खाली दुसऱ्या कोणाचा भार आला की तोच भाग ताठ होतो आणि नवा वेढा घेणे किंवा घेतलेला सोडवणे कठीण होते. म्हणून खालच्या खेळाडूने वरचीचे आसन पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते. वरचीने आपले आसन खालची उतरेपर्यंत टिकवावे लागते. दोघींपैकी एकीचा श्वास किंवा हाताचा जोर कमी पडला, तर तिने ते वेळीच सांगणे आवश्यक असते.

एका दोरावर किती भार येतो, याचाही विचार करावा लागतो. प्रत्येकी ४० किलो वजनाच्या पाच मुली स्थिर असताना वरच्या आकड्यावर दोराच्या वजनाव्यतिरिक्त २०० किलोंचा भार असतो. झोका, झटका किंवा एकदम घेतलेली गिरकी यांमुळे हा भार काही क्षण वाढतो. यासाठी दोर, आकडा आणि ज्याला दोर टांगला आहे ती तुळई किंवा लोखंडी चौकट प्रत्यक्ष भाराच्या कितीतरी पट सक्षम असावी लागते. मोठ्या रचनांमध्ये शेजारी शेजारी अनेक दोर टांगून प्रत्येकावर एकसारखी आसने केली जातात. तेथे भार विभागला जातो, परंतु सर्वांची लय एक ठेवण्याचे काम अधिक कठीण होते.

भूमिका व कार्यविभागणी

मनोऱ्याच्या पथकात पुढील भूमिका प्रामुख्याने आढळतात.

आधार देणारे खेळाडू : हे तळाशी किंवा दोरावर भार पेलण्याच्या जागी असतात. त्यांच्याकडून ताकदीबरोबर स्थिरतेची अपेक्षा असते.

मधले खेळाडू : यांना वरच्याचा भार घेऊन तो खालच्याकडे न धक्का देता पोहोचवावा लागतो. चढणाऱ्याला हात देणे व त्याचा पाय योग्य जागी पडला आहे याची खात्री करणे हेही त्यांचे काम असते.

वरचे खेळाडू : लवचीकता, तोल आणि हलके वजन यांवरून यांची निवड होते. मुले वाढत असल्याने या जागेवरील खेळाडू काही वर्षांत बदलतो. पूर्वी बोंडावर उभे राहिलेले मूल पुढे मधल्या थरात व नंतर तळाशी येते. त्यामुळे वरच्या जागेचा अनुभव असलेला खेळाडूच पुष्कळदा खालून दुसऱ्याला आधार देत असतो.

झेलणारे साहाय्यक : हे खांबाभोवती किंवा दोराखाली सावध उभे असतात. ते आकृतीचा भाग नसतात, मात्र प्रत्येक सरावात त्यांची उपस्थिती आवश्यक मानली जाते.

प्रशिक्षक : रचना ठरवणे, जोड्या लावणे, क्रम बसवणे आणि धोका दिसताच मनोरा उतरवण्याची सूचना देणे ही त्यांची जबाबदारी असते. आधार देणाऱ्या खेळाडूनेही ‘उतरा’ असे म्हटल्यास कोणतीही विचारणा न करता रचना मोडणे हा सुरक्षित सरावाचा मूलभूत संकेत होय.

वादक व संगीतयोजक : प्रात्यक्षिकात ढोल, ताशा, हलगी किंवा ध्वनिमुद्रित संगीत वापरले जाते. ताल हा केवळ शोभेसाठी नसतो. परस्परांना पाहू न शकणारे खेळाडू तालाच्या मात्रांवर आपापली हालचाल करतात.

सराव व संकेतपद्धती

नवीन रचना प्रथम जमिनीवर बसवली जाते. प्रत्येक खेळाडू आपली जागा, आपल्या वरचा व खालचा सहकारी आणि चढण्या-उतरण्याचा आपला क्रमांक पाठ करतो. त्यानंतर खांबावर खालचे दोन थर, मग तिसरा, अशा टप्प्यांनी सराव होतो. आकडे मोजणे, शिट्टी, टाळी आणि थोपटणे हे नेहमीचे संकेत आहेत.

स्पर्श व आवाज यांवर आधारलेल्या या पद्धतीमुळे दृष्टिहीन व्यक्तींनाही मल्लखांब शिकवणे शक्य झाले. मुंबईत दृष्टिहीन मुलींना दोरीच्या मल्लखांबाचे प्रशिक्षण देण्यात आले असून त्यांनी सार्वजनिक प्रात्यक्षिकेही केली आहेत. दोर सतत शरीराला लागून राहत असल्याने खेळाडूला आपली दिशा व उंची स्पर्शाने समजते. या कार्यासह मल्लखांबाच्या जागतिक प्रसारासाठी ओळखले जाणारे श्री समर्थ व्यायाम मंदिराचे प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.

सुरक्षितता

खांबाभोवती व दोराखाली जाड गाद्या पसरणे, दागिने, घड्याळे व सैल कपडे टाळणे, साधनाची पकड व मजबुती प्रत्येक वेळी तपासणे आणि शरीर तापवल्याशिवाय रचना न करणे ही प्राथमिक दक्षता होय. तेलाचे प्रमाणही महत्त्वाचे असते. आधीच्या खेळाडूच्या अंगाचे तेल व घाम खांद्यावर उतरल्यास त्यावर उभ्या राहणाऱ्याचा पाय घसरू शकतो. त्यामुळे मनोऱ्यापूर्वी खांदे व तळपाय पुसले जातात.

हवामानाचाही परिणाम होतो. रत्नागिरीसारख्या कोकणातील जिल्ह्यांत जून ते सप्टेंबर या काळात मुसळधार पाऊस पडतो आणि हवा सतत दमट राहते. सुती दोर ओलावा शोषून फुगतो व ताठर होतो; दीर्घकाळ ओला राहिल्यास त्याचे धागे कुजतात. उघड्यावर पुरलेल्या खांबाचा जमिनीतील भाग कुजण्याचा धोका असतो. त्यामुळे अशा प्रदेशात पावसाळ्यातील सराव छपराखाली घेणे, दोर कोरड्या जागी ठेवणे आणि पावसाळ्यानंतर साधनांची पुन्हा तपासणी करणे आवश्यक ठरते.

स्पर्धा व प्रात्यक्षिक

मल्लखांबाची राष्ट्रीय संघटना १९८१ साली स्थापन झाली आणि त्याच वर्षी उज्जैन येथे राष्ट्रीय स्पर्धा झाली. महाराष्ट्रात शालेय मल्लखांब स्पर्धा जिल्हा, विभाग व राज्य अशा स्तरांवर घेतल्या जातात. रत्नागिरी जिल्ह्याचा समावेश क्रीडा खात्याच्या कोल्हापूर विभागात होतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्क येथे पहिली जागतिक मल्लखांब अजिंक्यपद स्पर्धा झाली. महाराष्ट्राच्या हिमानी परब (२०२१) व सागर ओव्हळकर (२०२२) यांना मल्लखांबासाठी अर्जुन पुरस्कार, तर प्रशिक्षक गणेश देवरुखकर यांना २०२३ सालचा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

स्पर्धेतील वैयक्तिक संचाचे मूल्यमापन काठिण्य, अचूकता, हालचालींची जोडणी व सफाई यांवरून होते आणि संघाचे गुण त्यातील खेळाडूंच्या गुणांवरून ठरतात. तेथे खेळाडू एकामागून एक साधनावर जातात. परस्परांचा भार पेलण्याचा प्रसंग येत नाही. प्रात्यक्षिकातील मनोऱ्यात मात्र कोणाचे कौशल्य किती, हे वेगळे काढून दाखवणे जवळजवळ अशक्य असते. यामुळे मल्लखांब हा गुणांनी मोजावयाचा क्रीडाप्रकार मानावा की सादरीकरणाची कला, हा प्रश्न मनोऱ्याच्या संदर्भात विशेष ठळकपणे पुढे येतो. प्रत्यक्षात बहुतेक व्यायामशाळा दोन्ही अंगे जपतात. स्पर्धेमुळे तंत्र प्रमाणबद्ध होते, तर मनोऱ्यामुळे पदकाच्या शर्यतीत नसलेल्या मुलांनाही पथकात आवश्यक स्थान मिळते.

तत्सम प्रकारांशी तुलना

अमेरिकेत १९७०च्या दशकात टेरी सेंडग्राफ या नर्तकीने कमी उंचीवर टांगलेल्या झुल्याचा नृत्यासाठी वापर केला. तेथील हवाई नृत्याच्या आरंभीच्या प्रवर्तकांमध्ये तिची गणना होते. १९९१ साली अमेलिया रूडॉल्फ यांनी स्थापन केलेल्या ‘बँडलूप’ या संस्थेचे नर्तक गिर्यारोहणाच्या दोरांना बांधून घेऊन इमारतींच्या उभ्या भिंतींवर नृत्य करतात. अशा संस्थांमध्ये नर्तक, नृत्यदिग्दर्शक, संगीतकार यांच्या बरोबरीने दोर व आकडे यांची व्यवस्था पाहणारा तंत्रज्ञ हाही सहनिर्माता मानला जातो. कारण दोर कोठे बांधला यावरच नृत्याची शक्यता ठरते. मल्लखांबात हे काम सामान्यतः प्रशिक्षक व ज्येष्ठ खेळाडू करतात. भिंतीवरील नृत्यात कमरेला सुरक्षापट्टा असतो, तर मल्लखांबपटू कोणत्याही पट्ट्याविना केवळ शरीराच्या पकडीवर विसंबतो.

स्पेनमधील कॅटालोनिया प्रांताच्या ‘कास्तेल’ या मानवी मनोऱ्यांचा युनेस्कोने २०१० साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. कास्तेल आणि महाराष्ट्रातील दहीहंडीचे थर यांत संपूर्ण भार माणसांवर असतो व तळाशी मोठा जमाव आधार देतो. मल्लखांबाच्या मनोऱ्यात मध्यभागी खांब किंवा दोर असल्याने कमी खेळाडूंनी बाहेरच्या बाजूस झुकणाऱ्या, पसरट आकृती करता येतात. मात्र सर्वांना धरण्यासाठी जागा तेवढी एकच असते आणि ती वाटून घ्यावी लागते.

सद्यस्थिती

एकविसाव्या शतकात दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांमुळे समूह मल्लखांबाला नवा प्रेक्षक मिळाला. छत्तीसगडच्या नारायणपूर जिल्ह्यातील अबूझमाड मल्लखांब अकादमीच्या पथकाने २०२३ साली ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ या स्पर्धेच्या दहाव्या पर्वाचे विजेतेपद मिळवले. मध्य प्रदेशाने २०१३ साली मल्लखांबाला राज्य क्रीडाप्रकाराचा दर्जा दिला. प्रकाशयोजना, संगीत व कथानक यांची जोड देऊन रंगमंचावर केली जाणारी सादरीकरणेही वाढली आहेत.

या प्रसाराबरोबर अधिक उंच व अधिक गुंतागुंतीच्या रचना करण्याचा मोहही वाढतो. पथकातील एक खेळाडू शाळा किंवा गाव सोडून गेल्यास बसवलेली रचना मोडते आणि वजन, उंची व परस्परविश्वास यांचा मेळ पुन्हा नव्याने बसवावा लागतो. म्हणून मनोऱ्यांची परंपरा टिकवण्यासाठी एखाद्या निपुण खेळाडूपेक्षा निरनिराळ्या वयोगटांतील मुले नियमित एकत्र येतील अशी व्यायामशाळा अधिक आवश्यक असते.